फिशटँकमधले जुने खडे काढून वाळू टाकायची आहे, पाणी न बिघडता कसं करू?

तुम्ही लिहिलंय की टँक २ फुटी आहे, गप्पी आणि चार कोरी (तळाशी फिरणारे कोरिडोरास मासे) आहेत, तळाला तीन वर्षांपूर्वीचे पांढरे मार्बलचे खडे आहेत, पीएच ८ च्या आसपास असतो आणि आता काळी वाळू हवी आहे. दुकानदार म्हणतो, सगळं काढा, धुवा, नवीन भरा, एका रविवारचं काम. रविवारी होतं हे खरं आहे. मासे बुधवारी मरतात.

मी हेच केलं होतं. वर हौसेने त्याच दिवशी फिल्टरचा स्पंजही नळाखाली पिळून काढला. पाणी आरशासारखं झालं, आणि चौथ्या दिवशी दोन मॉली गेल्या. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही.

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे बॅक्टेरिया पाण्यात तरंगत नाहीत, ते स्पंजला आणि खड्यांना चिकटून असतात. म्हणजे खडे काढले की फिल्टरचाच एक भाग काढला. म्हणून खडे काढण्याच्या आधी आणि नंतर तीन-तीन आठवडे स्पंजला हात लावू नका. फारच तुंबला तर टँकमधून काढलेल्याच पाण्यात हलकेच पिळा.

तुमच्या बाबतीत दुसरी भानगड मार्बलची आहे. तो कॅल्शियम कार्बोनेट, हळूहळू विरघळून पाणी जड ठेवतो. पीएच ८ च्या आसपास राहतोय तो बहुधा त्याच्यामुळेच. बोअरचं पाणी वापरत असाल तर काळजी कमी, ते बहुधा मुळातच जड असतं. पण नळाचं पाणी मऊ असेल तर खडे गेल्यावर केएच (पीएच स्थिर ठेवणारी पाण्यातली कार्बोनेट क्षारता) घसरत जाईल, कारण अमोनियाचं नायट्रेट होताना क्षारता खर्च होते. केएच संपत आला की पीएच एकदम कोसळतो. गप्पींना तर जडच पाणी मानवतं. त्यामुळे पीएचपेक्षा केएच मोजत राहा, तो ४ अंशांच्या (dKH) खाली जाऊ देऊ नका.

आता कृती. थोडे खडे काढले, तिथे वाळू टाकली, असं करू नका. दोन्ही मिसळतात आणि नंतर चाळत बसावं लागतं. धोका काढण्यात आहे, टाकण्यात नाही. म्हणून दर दहा दिवसांनी एक तृतीयांश खडे प्लास्टिकच्या कपाने अलगद काढा आणि सगळे खडे निघेपर्यंत उघडा पडलेला तळ तसाच राहू द्या, वाळू त्यानंतरच. साचलेली घाण पाइपने ओढून घ्या. ढवळू नका. खोल थराखालून सडक्या अंड्यासारखा वास आला तर त्या दिवशी तेवढ्यावरच थांबा, निम्मं पाणी बदला. काढलेल्यातले दोन-तीन मुठी खडे जुन्या नायलॉनच्या मोज्यात बांधून फिल्टरजवळ ठेवा. त्यात बॅक्टेरियाही टिकतात आणि थोडा मार्बलही राहतो. मोजा पुढे दीड-दोन महिने काढू नका.

या काळात खाद्य निम्मं. अमोनिया आणि नायट्राइट रोज तपासा. यातला कुठलाही ०.२५ पीपीएम दिसला की पाव टँक पाणी बदला, क्लोरीन घालवलेलं आणि त्याच तापमानाचं. पीएच ८ ला अमोनियाचा विषारी हिस्सा ७ च्या मानाने जवळपास दहापट असतो, म्हणून तुम्हाला ढिलाई परवडणार नाही.

वाळू घेताना चिमूटभर बाजूला काढून त्यावर व्हिनेगर टाका. फेस आला तर त्यात चुना आहे. आपल्याकडचा काळा बेसाल्टचा चुरा चुन्याच्या बाबतीत साधारण निर्धोक असतो, पण त्यात पांढरे कण असतील तर हे नक्की करा, ते कॅल्साइटचे, म्हणजे चुन्याचेच, असू शकतात. मग तांदूळ धुतल्यासारखी धुवा, बारा-पंधरा पाणी लागतात. टाकताना पंप बंद ठेवा, नाहीतर वाळू आत जाऊन फिरता भाग खाते. शेवटी पंप आठवणीने चालू करा. दोन दिवस पाणी गढूळ दिसेल, त्याने काही होत नाही.

उरलेला मार्बल कुंड्यांवर पसरायला छान दिसतो. अनंताच्या कुंडीत मात्र नको, त्याला आम्ल माती लागते.