आई, इथं मला कोणी ‘अजून घे’ म्हणतच नाही

गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी एक ताई माझ्याकडे आल्या. अपॉइंटमेंट नव्हती, आणि नाशिकला गंगापूर रोडच्या माझ्या समुपदेशनाच्या क्लिनिकला सणासुदीत सहसा कोणी फिरकत नाही. बसल्या बसल्या एकच वाक्य बोलल्या, "मॅडम, पोरीला परत बोलवू का नको तेवढं फक्त सांगा."

पोरगी 21 वर्षांची, जर्मनीला जाऊन नऊ दिवस झालेले. एक वर्षाची स्वयंसेवक म्हणून गेलेली, एका छोट्या गावातल्या वृद्धाश्रमात काम, आणि पहिले तीन महिने एका कुटुंबात राहायचं, होस्ट फॅमिली म्हणतात तसं. रोज रात्री साडेअकराला फोन येतो आणि ती नुसती रडते. वडील म्हणतात तिकीट काढतो, आजी म्हणते कशाला पाठवली होती, आणि ह्या ताई कोणालाच काही न बोलता गौरीला पुरणाचं ताट वाढताना स्वयंपाकघरात जाऊन रडून आलेल्या. "पोरगी तिकडं उपाशी आणि मी इथं सोळा भाज्या करतीये" असं म्हणाल्या.

दोघींना विचारून हे लिहितेय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. घरी तिला छकुली म्हणतात, मीही इथं तेच वापरते. लिहायचं कारण एवढंच की ऑगस्ट-सप्टेंबर आला की असे आईवडील माझ्याकडे येतातच आणि प्रश्न अगदी हाच असतो, परत बोलवू का.

ताईंचा अजून एक राग होता, तो त्यांनी अर्ध्या तासाने बोलून दाखवला. एवढा श्रीमंत देश, मग आपल्या पोरींना फुकट राबायला का बोलावतात? प्रश्न रास्त आहे. 2011 च्या जुलैपासून जर्मनीने सक्तीची लष्करी भरती थांबवली, त्याआधी ज्या मुलांना सैन्यात जायचं नसायचं ती मुलं त्याऐवजी हॉस्पिटलं, वृद्धाश्रम अशा ठिकाणी सेवा करायची, ती सगळी मुलं एकदम कमी झाली म्हणून त्याच वर्षी सरकारने स्वेच्छेची सेवा सुरू केली, त्यात पुरुष बायका कोणीही जाऊ शकतं, बाहेरच्या देशातलेही. पगार नसतो पण पॉकेटमनी असतो, विमा असतो, आणि 27 च्या आतल्यांना वर्षभराला 25 दिवस सेमिनारचे असतात, तिथं बाकीचे स्वयंसेवक भेटतात. ताईंना हे कोणी सांगितलंच नव्हतं. छकुलीने सांगितलं असणार पण तेव्हा घरात व्हिसाची धावपळ चालू होती.

परत बोलवू का याचं उत्तर मी त्या दिवशी दिलं नाही. आधी मुलीशी बोलते म्हणलं. दुसऱ्या दिवशी व्हिडिओवर भेटलो.

पहिल्या दहा मिनिटांत मी नेहमी चार गोष्टी विचारते आणि त्या विचारायला लाजत नाही. खोलीला आतून कडी लागते का. पासपोर्ट तुझ्याकडेच आहे ना. घरातलं कोणी नको वाटेल असं बोलतं किंवा अंगाला हात लावतं का. कामाचे तास संपल्यावर घरातली धुणीभांडी, मुलं सांभाळणं असलं काही तुझ्या गळ्यात टाकलंय का. यातल्या एकाचंही उत्तर वाईट आलं तर मी जुळवून घे, सवय होईल असलं काही बोलत नाही, त्याच दिवशी संस्थेच्या कोऑर्डिनेटरला फोन करायला लावते, आणि जिवाला धोका वाटत असेल तर तिथला इमर्जन्सी नंबर 112. छकुलीच्या बाबतीत चारही उत्तरं नीट होती. माणसं चांगली होती. होस्ट आई 54 वर्षांची, होस्ट बाबा, आणि शाळेत जाणारा एक मुलगा.

मग मी विचारलं, जेवतेस का नीट? ती गप्प झाली, म्हणाली जेवते ना, दोन स्लाइस.

आपल्याला माहितीये आपण कसे वाढलोय. कोणाच्या घरी गेलं की पहिल्यांदा नकोच म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको, मग यजमानीण बळेबळे वाढते तेव्हा बास बास म्हणत खायचं. पहिलं नको हे खरं नको नसतंच, हे वाढणारीलाही माहीत असतं. छकुलीने पहिल्या संध्याकाळी तेच केलं. तिथं संध्याकाळचं जेवण म्हणजे बऱ्याच घरांत गारच असतं, ब्रेड, बटर, चीज, काकडी, टोमॅटो, आणि तेही साडेसहाला. होस्ट आईने विचारलं अजून हवंय का, ही म्हणाली नको. त्यांनी मान डोलावली आणि चीजचा डबा बंद केला. संपलं. तिथं नको म्हणजे नको, समोरच्यावर जबरदस्ती करणं हाच उद्धटपणा.

दोन दिवस असं गेलं. तिसऱ्या दिवशी तिने ठरवलं की आज भीड ठेवायची नाही. विचारलं की हो म्हणायचं. होस्ट आईने ब्रेडची टोपली पुढे करून विचारलं, आणि ही पोरगी छान हसून म्हणाली, "डांके."

टोपली परत गेली.

चौथ्या दिवशी परत तेच, पाचव्या दिवशी परत तेच. मला सांगताना तिचे डोळे भरून आले, "मॅडम मी थँक्यू म्हणते आणि त्या उचलूनच ठेवतात, मी इतकी नकोशी आहे का?" मलाही कळेना. कॉलेज रोडला माझी एक मैत्रीण जर्मन शिकवते, मी सेशन संपल्यावर तिला फोन केला, तर ती एकदम म्हणाली अगं देवा. जर्मनमध्ये कोणी काही देऊ केलं आणि तुम्ही नुसतं ‘डांके’ म्हणलात तर त्याचा अर्थ साधारण ‘नको, धन्यवाद’ असा होतो. हवं असेल तर ‘बिट्टे’ म्हणायचं, किंवा ‘या, गेर्ने’, म्हणजे हो, आवडेल. ही मुलगी जर्मनच्या दोन परीक्षा पास होऊन गेलेली, तिला व्याकरण माझ्या मैत्रिणीएवढं येत असेल, पण जेवणाच्या टेबलावरचा हा एक शब्द कोणी तिच्या हातात दिला नव्हता.

मग रात्री ती काय करायची? बॅगेत आईने दिलेली नाशिकच्या चिवड्याची तीन पाकिटं होती. साडेदहाला दिवा बंद करून पांघरुणात बसून खायची, आणि चावल्याचा कुरकुर आवाज भिंतीपलीकडे जाईल म्हणून घास तोंडात तसाच धरायची, पोहे मऊ पडले की मग गिळायचे. दाणे मात्र ठेवून द्यायची, ते मऊ पडत नाहीत. मी जिच्याकडे वीस वर्षं काम शिकले त्या बाई म्हणायच्या की माणूस काय खातंय ते आधी विचार आणि मन नंतर विचार, त्या दिवशी मला ते आठवलं. आई ज्या दिवशी माझ्याकडे धावत आल्या त्याच्या आदल्या रात्री तिसरं पाकीट संपलं होतं. त्या रात्रीचं रडणं सगळ्यात मोठं होतं.

पुढच्या सेशनला आम्ही दुसरं काही केलं नाही. मी होस्ट आई झाले, माझ्या टेबलावरचा बिस्किटांचा डबा पुढे केला, आणि ती स्क्रीनवरून म्हणायची, "या, गेर्ने." आणि अजून एक वाक्य, "इश हाबे नोख हुंगर", मला अजून भूक आहे. पहिल्या तीनचार वेळा तिला ते वाक्य बोलताच येईना. मराठीत म्हणून बघ म्हणलं तर मराठीतही येईना! मला भूक लागलीये हे वाक्य तिने आयुष्यात आई सोडून कोणाला म्हणलंच नव्हतं. भाषेचा प्रश्न नव्हताच तो.

भुकेचं मिटलं तशा बाकीच्या गोष्टी बाहेर आल्या. दारं. त्या घरात सगळ्या खोल्यांची दारं लावलेली असायची, तिला वाटायचं आपल्यामुळे लावतात. आपल्याकडे दिवसा दार लावून बसलं तर आजी विचारते काय झालं गं, भांडण झालं का. तिथं थंडी, हीटिंगचा खर्च, आवाज, आणि मुळात सवय, लावलेलं दार म्हणजे राग नव्हे, टकटक करून जायचं असतं. ही स्वतःच्या खोलीत बसून हाकेची वाट बघायची आणि ते लोक समजायचे पोरगी दमलीये, तिला एकटं राहायचंय. दोन्हीकडून चांगुलपणाच चाललेला आणि दोन्हीकडे वाईट वाटतंय.

आणि बाथरूम. तिथं बऱ्याच घरांत शॉवरच्या बाहेर फरशीला पाणी जायला जाळीच नसते, पहिल्या दिवशी हिने सवयीने सगळं बाथरूम धुऊन काढलं आणि मग टॉवेलने पुसत बसली. ते एक वाक्य सांगून मिटलं.

हाक मारण्याचं मात्र मिटेना. होस्ट आई म्हणाल्या मला नावाने हाक मार. 54 वर्षांच्या बाईला नुसतं नावाने? जीभच उचलत नव्हती, आणि आंटी म्हणलं तर त्यांना कळत नव्हतं. मग हिने काय केलं तर हाकच मारायची नाही. त्या समोर येईपर्यंत थांबायचं. तुम्हीच विचार करा, ज्या घरात तुम्ही कोणालाच हाक मारू शकत नाही तिथं तुम्ही मीठ कसं मागणार, पाणी गरम येत नाहीये हे कसं सांगणार, नुसतं जिन्यात उभं राहून मी आले असं तरी कसं ओरडणार. मी तिला म्हणलं हे जसंच्या तसं त्यांना सांग, लपवू नकोस. तिने सांगितलं, आमच्याकडे मोठ्यांना नुसतं नाव घेत नाहीत, मी नावापुढे ताई लावू का? त्यांनी ताई म्हणजे काय ते विचारलं, दोनदा म्हणून बघितलं, आणि चालेल म्हणाल्या. त्या एका हाकेने त्या घरात जेवढं बदललं तेवढं माझ्या कुठल्या सेशनने बदललं नसेल.

कालेर्वो ओबर्ग नावाचे मानववंशशास्त्रज्ञ होते, त्यांनी 1954 साली रिओ दि जानेरोमध्ये परदेशातून येऊन राहिलेल्या बायकांपुढे एक भाषण केलं होतं, कल्चर शॉक हा शब्द त्यामुळेच पुढे एवढा पसरला. त्यांचं म्हणणं असं की रोजच्या वागण्यातल्या ओळखीच्या खुणा हरवल्या की माणूस घाबरतो, हात कधी मिळवायचा, आमंत्रण कधी घ्यायचं आणि कधी नाकारायचं, असल्या बारीक बारीक खुणा. ताईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या म्हणजे आग्रह हरवला होय. अगदी तेच. ओबर्ग म्हणाले होते की पहिले काही आठवडे हनिमूनसारखे जातात आणि त्रास नंतर होतो, पण पुढच्या अभ्यासांत असं दिसलं की हे सगळ्यांना लागू नाही, कित्येकांना सगळ्यात जास्त त्रास पोचल्या पोचल्याच होतो. म्हणून पहिल्याच आठवड्यात रडतेय म्हणजे वर्षभर रडणार असं धरून तिकीट काढू नका हो. जेवण आणि झोप रुळावर येतेय का ते बघा. दोन-तीन आठवड्यांनंतरही झोप नाही, खाणं नाही, काम सुटतंय, जगणं नको असं बोलतेय, तर मग थांबायचं नाही, तिथल्या डॉक्टरपर्यंत पोचवायचं आणि परत आणावं लागलं तर आणायचं, त्यात हार वगैरे काही नसते.

आता फोनबद्दल, आणि हे ताईंना बोलणं मला सगळ्यात जड गेलं. उन्हाळी वेळेत आपण जर्मनीच्या साडेतीन तास पुढे असतो. नाशिकला साडेअकरा म्हणजे तिथं रात्रीचे आठ. मी छकुलीला विचारलं आठ ते दहा घरातले काय करतात? तर म्हणाली खाली हॉलमध्ये बसतात, पत्ते खेळतात, कधी टीव्ही. दिवसभरात ते सगळे एकत्र असतात ती वेळ तेवढीच. आणि तेवढ्याच वेळात ही वर खोलीत दार लावून आईशी बोलत रडायची. दहानंतर होस्ट बाबांनी हळू बोल म्हणून सांगितलं, तिथं रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळतात, शेजाऱ्यांसाठीसुद्धा, तर तेही हिला लागलं.

फोन बंद करा असं मी म्हणलं नाही, म्हणणारही नाही. वेळ बदला म्हणलं. सकाळी पावणेसात तिथले, म्हणजे आपले सव्वादहा, डबे गेलेले असतात, आई मोकळी, मुलगी कामाला निघायच्या आधी. पंधरा मिनिटं. रविवारी तिथं दुकानं बंद असतात, तेव्हा हवं तेवढं बोला. ताई लगेच हो म्हणाल्या, पण पहिल्या रात्री साडेअकराला स्वतःच फोन लावला. दुसऱ्या रात्रीही. तिसऱ्या दिवशी मला मेसेज, मॅडम जमत नाहीये. मी म्हणलं या.

पंधरा दिवसांनी तिकिटाचा विषय घरात कोणी काढेना. छकुलीने पत्ते शिकायला घेतले, हरायची आणि चिडायची, ते चिडणं सव्वादहाच्या फोनवर यायचं. चीजचा कंटाळा आलाय म्हणून एका शनिवारी तिने त्या घरात कांदेपोहे केले, पोहे पातळ मिळाले म्हणून चिकट झाले, सगळ्यांनी खाल्ले. तिखटच नाही म्हणून ती स्वतःच नाराज.

मग ऑक्टोबरात एका सकाळी ताई परत आल्या, ह्यावेळी अपॉइंटमेंट घेऊन. त्या दिवशी फोन चार मिनिटांत संपला होता. छकुली म्हणाली होती, "आई ठेवते गं, खाली ताई बोलावतायत." ठेवला पण. ताई फोन हातात धरून तशाच ओट्यापाशी उभ्या राहिल्या, गॅसवर दूध होतं ते उतू गेलं तरी कळलं नाही. मला म्हणाल्या, "मॅडम, मला आनंद व्हायला पाहिजे ना?" आणि रडायला लागल्या.

मी खुर्ची त्यांच्या शेजारी ओढून घेतली. साडेअकरापर्यंत जागं राहायची सवय अजून सुटली नव्हती, रात्रीची भाजी अजून चार माणसांची होत होती, तिच्या खोलीतला पंखा त्या रोज पाच मिनिटं लावून ठेवायच्या. त्या दिवशीचा सगळा तास आम्ही छकुलीबद्दल नाही, ताईंबद्दल बोललो.