विचारा काकींना : बुरशी आलेली चटणी, फुटलेला रस्सा आणि 39 फुटांची दशमी

पाऊस लागला की माझ्याकडं येणाऱ्या पत्रांचा वास बदलतो. उन्हाळ्यात सगळ्यांना लोणचं आणि पन्हं हवं असतं, आता तक्रारी सुरू झाल्यात. या खेपेची पत्रं निरनिराळ्या पदार्थांची असली तरी बहुतेकांचं भांडण पाण्याशीच आहे. नको तिथं ते राहून गेलंय, नाहीतर हवं तेव्हा मिळालेलं नाही.

प्रश्न : काकी, लग्न होऊन पुण्यात आले. मे महिन्यात माहेरच्यासारखी कांदा-लसूण चटणी पहिल्यांदाच एकटीनं केली, घरच्या मिक्सरवर. काल बरणी उघडली तर कुबट वास आणि कडेला पांढरी जाळी. वरचा थर काढून उरलेली भाजून घेतली तर चालेल का? सासूबाई म्हणतात, पुण्याची हवाच तशी.
— एक सूनबाई, माहेर शाहूपुरी

उत्तर : नाही चालणार. सगळी टाकून दे. बुरशी डोळ्यांना दिसते त्याच्या बरीच खाली उतरलेली असते, आणि तिनं सोडलेलं विष तव्यावर भाजून जात नाही. मिरचीचे भाव बघता जीव तुटतो हे मला कळतं. तरी टाक.

हवेला दोष देऊ नको गं. पुण्यापेक्षा कोल्हापुरात पाऊस जास्तच, आणि तरी इथल्या चटण्या पुढच्या शिमग्यापर्यंत टिकतात. माझा संशय तुझ्या कांद्यावर आहे. कांद्यात दहातले जवळपास नऊ भाग पाणी असतं. तो उभा पातळ चिरून कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवायचा आणि मग थोडा थोडा करून तेलात तळायचा. तांबूस दिसला की बायका थांबतात, तिथंच फसतं. गार झाल्यावर तो बोटात चुरला पाहिजे. वाकला तर परत कढईत. लसूण सोलल्यावर पंख्याखाली पसर. खोबरं किसून कोरडंच भाज. कोथिंबीर घालत असशील तर आदल्या दिवशी धुऊन सावलीत वाळव आणि तेलात कुरकुरीत कर. मीठ जाडं घे, पण कढईत गरम करून, कारण तेही ओल धरून बसलेलं असतं.

आमच्या घरचं प्रमाण हवं असेल तर, एक किलो मिरचीला अर्धा किलो कांदा, पाव किलो लसूण, पाव किलो सुकं खोबरं, पाव किलो धणे, तेवढंच मीठ, शंभर ग्रॅम तीळ आणि वर खडा मसाला. मिरचीत निम्मी ब्याडगी आणि निम्मी संकेश्वरी. ब्याडगी रंग देते, तिखटपणाचं काम संकेश्वरीचं. नुसती ब्याडगी घालून ‘आमची चटणी बघा कशी लालभडक’ म्हणणाऱ्यांचा रस्सा चाखून बघावा, दिसायला तेवढा तांबडा असतो.

आणखी एक जागा आहे, जिथं चांगल्या चांगल्या चटण्या जातात. डंकावर, म्हणजे कांडपयंत्रावर, कुटा नाहीतर मिक्सरवर वाटा, चटणी गरम होते. तशीच बरणीत कोंबून झाकण लावलं की वाफ झाकणाला धरते आणि थेंब होऊन परत खाली पडते. रात्रभर परातीत पसरून ठेव, वर पातळ कापड टाक. चिनी मातीची बरणी दिवसभर उन्हात तापव, मग निखाऱ्यावर हिंगाचा खडा टाकून तिला पालथी धरून धुरी दे. एवढं सगळं केल्यावर सुद्धा कुणीतरी चटणीचा चमचा उकळत्या आमटीवर धरून झटकतं आणि तोच वाफाळलेला चमचा परत बरणीत घालतं. म्हणून रोजच्याला लहान डबा वेगळा काढायचा आणि मोठी बरणी महिन्यातनं एकदाच उघडायची. आणि पुढच्या वर्षी मिक्सर नको. मसाला कांडून देणारे पुण्यातही आहेत.

प्रश्न : मी विद्यापीठात शिकतो, पहाटे तालमीत जातो. तिथली थंडाई पिऊन झोपच येते एवढी भारी असते. रूमवर मिक्सरवर केली तर रवाळ होते आणि दूध वर, चोथा खाली. काय चुकतंय?
— एक नवखा पैलवान, राजारामपुरी

उत्तर : तालमीत काय करतात ते नुसतं पिताना नको, करतानाही बघ. बदाम रात्रीच भिजत पडलेले असतात. खसखस, मगज, बडीशेप, चार मिरे, वेलदोडे, गुलाबाच्या पाकळ्या, सगळं आधी पाणी पिऊन फुगलेलं असतं. खसखशीचा दाणा एवढासा, पण कोरडा असला की मिक्सरचं पातं त्याला नुसतं फिरवत बसतं. तिला किमान तीन-चार तास दे. बदामाची सालं काढ, ती घशात खरखरतात.

मग तालमीतला गडी दगडी कुंडी पायात धरून लाकडी दांडक्यानं घोटत बसतो. तो पाणी कसं घालतो तिकडं लक्ष दे. चमचा-चमचा. वाटण घट्ट असतानाच त्यातलं तेल सुटून पाण्यात मिसळतं आणि ते लोण्यासारखं मऊ होतं. तू मिक्सरच्या भांड्यात पहिल्यांदाच पेलाभर दूध ओतत असणार. मग दाणे त्यात पोहत राहतात. कुंडी नसेल तर मिक्सरही चालेल, पण पाणी थोडं घाल आणि थांबून थांबून फिरव. भांडं गरम व्हायला लागलं की बर्फाचा खडा टाक. मऊ झाल्यावर म्हशीचं गार दूध घालून पातळ फडक्यातनं गाळ. चोथा टाकू नको, परत वाटून परत पिळ. दुसऱ्या पिळण्यालाही चव असते.

झोप येते ती भांगेनं नव्हं, घाबरू नको. पहाटेची मेहनत आणि वर एवढे बदाम-दूध पोटात गेल्यावर डोळे मिटणारच. शाहू महाराजांनी 1912 मध्ये खासबागचं मैदान बांधलं, तेव्हापासून या गावाला कुस्तीचं आणि खुराकाचं वेड आहे, पण खुराक हा मेहनतीच्या मागनं येतो. परीक्षेच्या दिवसांत तालीम बंद असेल तर थंडाईही बंद. नाहीतर ती पोटावरच मांड ठोकून बसते.

प्रश्न : आखाडाचा शेवटचा रविवार, पंधरा माणसं जेवायला, आणि दर वेळी माझा पांढरा रस्सा फुटतो. तांबडा नीट होतो.
— इचलकरंजीहून एक वहिनी

उत्तर : वहिनी, नारळाचं दूध तुम्ही रटरटत्या अळणीत, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्यात, घालता, बरोबर? आच बारीक करा, अळणीचा उकळता जोर मोडू द्या. पहिलं दाट दूध आणि दुसरं पातळ दूध वेगळी ठेवा. काजू-तीळ-खसखशीचं वाटण आणि पातळ दूध आधी जाईल. दाट दुधात दोन डाव कोमट अळणी घालून ते ढवळा आणि मग ते पातेल्यात सोडा. त्यानंतर उकळी नाही, कडेला बारीक बुडबुडे आले की बंद. परत गरम करायची वेळ आली तर बारीक आचेवर, हलवत. तिखटाला हिरवी मिरची आणि मिरे. हळदीचा हात लागलेला डाव मात्र त्या दिवशी लांब ठेवा.

प्रश्न : मंडळी गेल्यापासून स्वयंपाक मीच करतो. भाजी-भाकरी जमली. आंबील मात्र जमत नाही, गुठळ्या होतात, आणि कधी फारच आंबट, कधी नुसतीच पेज. तिच्या हातची मार्गशीर्षातली आंबील शेजारपाजारचे मागून न्यायचे.
— एक निवृत्त कामगार, कसबा बावडा

उत्तर : भाऊ, भाकरी जमली म्हणता, मग आंबील अवघड नाही. भाकरी थापणं त्याहून कठीण आहे.

गुठळीचं कारण एवढंच की ज्वारीचं पीठ गरम पाण्याला लागलं की त्याचं वरचं आवरण लगेच शिजून चिकट होतं आणि आतलं पीठ कोरडंच अडकतं. म्हणून पीठ पहिल्यांदा गार ताकात कालवायचं. वाटीभर पिठाला दोन वाट्या ताक घ्या, हातानं कालवा, बोटांना गुठळी लागली तर तिथंच मोडा. झाकून ठेवा. किती वेळ, हे घड्याळ सांगत नाही, हवा सांगते. उन्हाळ्यात रात्री कालवलं तर सकाळी तयार. मार्गशीर्षाच्या थंडीत दुपारीच कालवा आणि चुलीच्या, म्हणजे आता गॅसच्या, जवळ ठेवा. ताकातले जंतू ऊब मिळाली की भराभर वाढतात आणि गारठ्यात मंद होतात. तुमची कधी आंबट, कधी पेज होते ती यानंच. झाकण काढून वास घ्यायचा. ताकाच्या पुढचा, पण नाक मुरडावं लागणार नाही इतपत आंबूस वास आला की पुरे.

सकाळी तीन-चार वाट्या पाणी उकळा. त्यात ठेचलेला लसूण, जिरं, मीठ. आच कमी करून एका हातानं पीठ बारीक धारेनं सोडा आणि दुसऱ्या हातानं हलवत राहा. कच्चा वास जाऊन चकाकी येईपर्यंत शिजवा. पूर्ण गार झाल्यावर वरनं ताजं ताक, कोथिंबीर, हवा तर बारीक कांदा. गरम आंबिलीत ताक घातलं तर ते फुटतं.

ओढ्यावरच्या रेणुकेच्या आंबील यात्रेला तुमची मंडळी जायची असणार. तिथल्या नैवेद्यात आंबिलीबरोबर भाकरी, वरणं-वांग्याची भाजी, मेथी, कांद्याची पात आणि गाजर असतं. यंदा तुम्ही करा आणि शेजारच्यांनाही द्या. ते मागायला संकोचत असतील, तुम्हीच नेऊन द्या.

प्रश्न : आमचं घर पंचगंगेच्या बाजूला. पूर आला की पिण्याचं पाणीच राहत नाही, स्वयंपाक कशाचा करायचा? आधीपासून काय करून ठेवता येईल?
— एक गृहिणी, शुक्रवार पेठ

उत्तर : तुम्हाला हे सांगायला नको, पण बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा आणि 43 फुटांवर धोका. 2019 आणि 2021 ला ते 50 च्याही वर गेलं, नदीवरची उपसा केंद्रं बुडाली आणि चहूकडं पाणी असताना नळ कोरडे पडले.

माझ्या घरात 39 चा आकडा कानावर आला की आधी पिण्याचं पाणी भरून झाकून ठेवतात आणि मग मी पीठ मळायला घेते. दशमीचं. कणीक किंवा ज्वारीचं पीठ दुधात मळायचं, पाण्याचा थेंब घालायचा नाही, थोडं मीठ, थोडं तूप. गुळाची करायची तर गूळ त्याच दुधात विरघळवून घ्या, फक्त दूध गार असू द्या. लाटून दोन्ही बाजूंनी नीट भाजा, मग एकावर एक न रचता फडक्यावर सुट्या गार करा. दोन दिवस ती मऊ राहते, आणि प्रवासाला म्हणून जी करत होतो तीच पुरात कामाला येते.

बरोबर शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भडंग. भडंगाचे चुरमुरे आधी भाजून घ्या, फोडणी गार झाल्यावरच कालवा आणि डबा घट्ट लावा. मूग, मटकी मात्र भिजत घालू नका. मोड आणायला पाणी लागतं, धुवायला लागतं, शिजवायला लागतं, आणि वीज गेली की वासही मारतात. पोहेसुद्धा कोरडे भाजून चिवड्यासारखे करून ठेवा. पुराचं पाणी लागलेलं काहीही, डबा कितीही घट्ट असला तरी, खाऊ नका. आणि घर सोडायला सांगितलं तर चटणीच्या बरणीसाठी मागं थांबू नका. असं थांबणाऱ्या बायका मला माहीत आहेत.

प्रश्न : गुळाचा चहा घरी केला की फाटतो. गाड्यावरचा कसा फाटत नाही?
— एक चहाबाज, रंकाळा

उत्तर : गुळाला स्वतःचा थोडा आंबटपणा असतो, आणि दूध त्याच्यासोबत उकळलं की नासतं. रस साफ करताना गुऱ्हाळात काय काय टाकलं, त्यावरही अवलंबून. फिक्कट पिवळा, चकचकीत गूळ बघून भुलू नका, तो रंग बऱ्याचदा हायड्रॉस नावाच्या, रंग उजळवणाऱ्या रसायनाचा असतो. काळपट, तांबूस घ्या. पाणी, चहापावडर, आलं आणि गूळ एकत्र उकळा. दूध वेगळं तापवा. गॅस बंद करा, मग चहा कपात गाळा आणि वरनं दूध ओता. दोन्ही एकत्र परत गॅसवर चढवायचं नाही. गार झाला तर तसाच प्या, नाहीतर नवा टाका.