प्रथिनांत दडलेली प्रतिजैविके

प्रश्न : मानवी प्रथिनांतून संगणक नवी प्रतिजैविके कशी शोधतो?
— फार्मसीची विद्यार्थिनी, पणजी

उत्तर : पांढऱ्या पेशींतील एका मोठ्या प्रथिनापासून तुटून ३७ अमिनो आम्लांचे एलएल-३७ हे जीवाणूनाशक पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) मोकळे होते; असेच तुकडे इतरत्रही दडलेले असावेत, या तर्काने संगणक लांबी, धनभार आणि जलविरोधी गुण पाहून प्रथिने चाळतो, कारण धनभारित पेप्टाइड जीवाणूच्या ऋणभारित पटलाला चिकटून ते फोडू शकते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ साली अशी २,६०३ संभाव्य पेप्टाइडे निवडली. ती ज्या प्रथिनांत दडलेली होती, त्यांतील कित्येकांचा रोगप्रतिकाराशी संबंधच नव्हता, हेच मला अधिक नवलाचे वाटते. काही पेप्टाइडे उंदरांतील संसर्गावरही उपयोगी ठरली. मात्र रक्तातील विकरे त्यांना लवकर तोडतात, शिवाय जास्त मात्रेत ती आपल्याच पेशींना इजा करू शकतात.