एका शब्दाला एकच मराठी शब्द पुरत नाही

पणजीत नोकरी शोधायच्या आधी इंग्रजी सुधारायचंय ना? मग रोज पन्नास शब्द पाठ करणं बंद कर. पाचच घे, पण प्रत्येकाचं आख्खं वाक्य वहीत उतरव.

'लेंड' आणि 'बॉरो'चं बघ. मराठीत दोन्हीकडे 'उसनं'च, पण एक देणं, दुसरं घेणं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भर पावसात एका परदेशी पाहुण्यापुढे छत्री धरून मी ऐटीत म्हणालो, 'आय विल बॉरो यू माय अंब्रेला.' बिचारा नुसता माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- आपले प्रत्यय तसेच तिकडे नेणं. 'तिच्याशी लग्न' म्हणून 'मॅरीड विथ' लिहितात. हवं 'मॅरीड टू'. 'डिस्कस'ला तर 'अबाउट' लागतच नाही.
- कोशातला पहिलाच अर्थ उचलणं. 'शी रन्स अ शॅक' म्हणजे बाई शॅक (किनाऱ्यावरचं झोपडीवजा हॉटेल) चालवते, पळत नाही!

कोशही बघून घे. मोल्सवर्थचा १८३१चा कोश थोरच, पण तो मराठीतून इंग्रजीत जातो. तुला उलटा हवा. आणि अर्थ आधी कोंकणीत सुचला तर तोच लिही, लाजतोस कशाला? फ्रेझल व्हर्ब्जचं, म्हणजे 'गिव्ह अप'सारख्या जोडक्रियापदांचं, पुढे बघू.