सोने, क्वांटम डॉट आणि म्यूनिक: तुमच्या प्रश्नाला उत्तर

सोन्याचे नॅनोकण आणि क्वांटम डॉट (प्रकाश देणारे अर्धवाहकाचे काही नॅनोमीटरचे स्फटिक) एकत्र आणून प्रकाशसंवेदक तयार करण्याच्या कामासाठी, पीएचडीनंतर पत्नी व आठ वर्षांच्या मुलीसह म्यूनिकला यावे का, असे तुम्ही विचारले आहे. व्हिसा आणि विम्याची माहिती दूतावासाकडे आहेच.

संशोधनगट निवडताना धातू आणि अर्धवाहक यांच्यातील अंतर ते कसे राखतात, हे आधी विचारा. सोन्याचा गोल नॅनोकण पाण्यात साधारण 520 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला अनुनादित होतो, म्हणजे त्याचे इलेक्ट्रॉन त्या प्रकाशाच्या तालावर जोराने हेलकावतात, त्याच्याजवळचे विद्युतक्षेत्र वाढते आणि शेजारचा डॉट अधिक तेजाने चमकू शकतो. परंतु दोघे फारच जवळ आले, तर डॉटची ऊर्जा प्रकाश होण्याआधीच धातूत जिरते. म्हणून मध्ये सिलिकाचा काही नॅनोमीटरचा थर चढवतात. संवेदकात कधी उलट, जवळीकच हवी असते: 2011 साली राइस विद्यापीठात सिलिकॉनवरील सोन्याच्या अँटेनांनी, सिलिकॉनला एरवी न दिसणारा अवरक्त प्रकाश टिपला, कारण सोन्यातील उत्तेजित इलेक्ट्रॉन शॉट्की अडथळा, म्हणजे धातू-अर्धवाहक सीमेवरचा ऊर्जेचा बांध, ओलांडून गेले. कार्यक्षमता मात्र फारच तोकडी होती.

सिलिकॉन चिपांच्या क्लीनरूममध्ये (धूळमुक्त प्रयोगशाळेत) सोने सहसा नेऊ देत नाहीत, कारण त्याचे अणू सिलिकॉनमध्ये शिरून विद्युतभार वाहणाऱ्या कणांचे आयुष्य घटवतात. विषारी कॅडमियमच्या डॉटांसाठी सुरक्षेचे कागद आणखी वेगळे. माझा पहिला हिवाळा या परवानग्यांतच गेला. रसायनवाल्यांना मी उपकरणवाला वाटे आणि उपकरणवाल्यांना रसायनवाला. तेव्हा धातूचा थर देणारे यंत्र गटाचे स्वतःचे आहे का, हे विचारूनच होकार द्या.

मुलीचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलात. मी तो पहिला धरीन. म्यूनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियात चौथीनंतर मुलांची वेगवेगळ्या शाळांत वाटणी होते आणि तेथील शाळेतून थेट गिम्नाझियमला (विद्यापीठाकडे नेणाऱ्या माध्यमिक शाळेत) जाण्यासाठी जर्मन, गणित व परिसर-अभ्यास यांत 2.33 किंवा त्याहून चांगली सरासरी लागते. 1 हा सर्वोत्तम गुण. माझ्या मुलाचे गणित उत्तम असूनही जर्मनने त्याला अडवले, आणि बाईंनी ते इतक्या सौजन्याने सांगितले की मला भांडताही आले नाही. पुढे त्याने शाळा बदलली, तो आता मजेत आहे. राग माझाच उतरलेला नाही.

एकटेपणा असतो, काम असले की निभावतो.

पीएचडीनंतरच्या विद्यापीठीय मुदतबंद नोकऱ्यांना साधारण सहा वर्षांची कायदेशीर मर्यादा आहे. मी त्यानंतर एलईडीच्या कंपनीत गेलो. तेथे सोने येते ते तारजोडणीपुरते, आणि त्याची खंत मला अजून वाटते. करार तीन वर्षांचा असेल, तर मुलीचे जर्मन आजच सुरू करून सर्वांनी या. एका वर्षाचाच असेल, तर तिला तिच्या सध्याच्या शाळेतच राहू द्या.