संगणक सल्ला : आउटलुक बंद होतो, पण पुन्हा उघडत नाही

प्रश्न : आमच्या छापखान्यात विंडोज ११ चा कॉम्प्युटर आहे. क्लासिक आउटलुकमध्ये पॉप खातं (मेल सर्व्हरवरून कॉम्प्युटरवर उतरवून घेणारं) आहे. जानेवारीचं अपडेट झाल्यापासून आउटलुक एकदा बंद केला की कॉम्प्युटर रीस्टार्ट केल्याशिवाय उघडत नाही. पाठवलेले मेल 'सेंट'मध्ये दिसत नाहीत, जुने मेल दुबार उतरतात. नवीन प्रोफाइल करू का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : प्रोफाइलला (आउटलुकमधली खात्यांची मांडणी) इतक्यात हात लावू नका. पॉप खात्याच्या नव्या प्रोफाइलला नवी रिकामी पीएसटी फाइल (आउटलुक मेल साठवतो ती) मिळते आणि जुनी सगळी मेल गायब झाल्यासारखी वाटते. मग ती शोधण्यातच दिवस जातो.

तुम्ही सांगता ती सगळी लक्षणं १३ जानेवारी २०२६ च्या अपडेटची (केबी ५०७४१०९) आहेत. ते आल्यावर वनड्राइव्हसारख्या क्लाउड फोल्डरमधल्या फाइली उघडताना वा सेव्ह करताना प्रोग्रॅम अडकू लागले. आउटलुकची पीएसटी तिथे असेल तर तोही त्यात सापडतो. आउटलुक बंद करून कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा. टास्क मॅनेजरच्या यादीत आउटलुकची ओळ तशीच बसलेली दिसेल. खिडकी गेली, प्रोग्रॅम गेलाच नाही, म्हणून दुसऱ्यांदा उघडत नाही. त्या ओळीवर 'एंड टास्क' केलंत की रीस्टार्टची गरज उरत नाही.

दुबार मेलचं कारणही इथेच आहे. पॉपमध्ये कोणती मेल उतरवून झाली याची नोंद आउटलुक स्वतःकडे ठेवतो. त्याला मध्येच मारलं की ती नोंद लिहायची राहते आणि पुढच्या वेळी तीच मेल पुन्हा येते. त्यामुळे दुरुस्ती होईपर्यंत खात्याच्या सेटिंगमधला 'सर्व्हरवर प्रत ठेवा' हा पर्याय चालू असू द्या.

आधी विंडोज अपडेट पूर्ण करा. विंडोज ११ च्या २४एच२ आणि २५एच२ या आवृत्त्यांसाठी २४ जानेवारीला वेगळी दुरुस्ती (केबी ५०७८१२७) आली. पुढच्या मासिक अपडेटमध्ये ती धरलेलीच असते. जानेवारीचं अपडेट काढून टाकू नका, सुरक्षेच्या दुरुस्त्याही त्याच्याबरोबर जातात.

मग पीएसटी हलवा. फाइल, अकाउंट सेटिंग्ज, डेटा फाइल्स इथे तिचा पत्ता पाहा. त्यात वनड्राइव्ह हा शब्द असेल तर 'ओपन फाइल लोकेशन' करा, आउटलुक बंद करा, टास्क मॅनेजरमध्ये ओळ गेल्याची खात्री करा. वनड्राइव्हचं सिंक थांबवून फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या आणि मूळ फाइल सी ड्राइव्हवरच्या साध्या फोल्डरमध्ये न्या. डॉक्युमेंट्समध्ये नको. वनड्राइव्हचा बॅकअप चालू असेल तर ते फोल्डरही त्याच्याच ताब्यात असतं, बहुतेकांची फाइल मुळात तिथे अशीच गेलेली असते. आउटलुक उघडल्यावर फाइल सापडत नाही म्हणेल. ओके करून नवी जागा दाखवा.

तरीही अडकला तर कंट्रोल दाबून धरून आयकॉनवर डबल-क्लिक करा, सेफ मोडबद्दल विचारेल, होय म्हणा. तिथे नीट चालला तर दोष एखाद्या ॲड-इनचा (आउटलुकला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमचा). तिथेही अडकला तर ऑफिसच्या फोल्डरमधलं स्कॅनपीएसटी हे पीएसटी दुरुस्त करणारं साधन चालवा, चुका निघणं थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा. मोठ्या फाइलला बराच वेळ लागतो, मध्ये बंद करू नका.

प्रश्न : थंडरबर्ड हा मेल प्रोग्रॅम नवी मेल आली की काही सेकंद गोठतो. इनबॉक्समध्ये काही वर्षांची मेल आहे.
– एक वाचक, फोंडा

उत्तर : सहसा एका फोल्डरची सगळी मेल थंडरबर्ड एकाच फाइलमध्ये ठेवतो. नवी मेल आली की ती फाइल बदलते आणि अँटीव्हायरस अख्खी फाइल पुन्हा तपासायला घेतो. थंडरबर्डच्या प्रोफाइलचं फोल्डर (त्याची मेल असते ते) अँटीव्हायरसच्या अपवादांत घाला, मात्र अटॅचमेंट सेव्ह करता ते फोल्डर तपासणीतच राहू द्या. डिलीट केलेली मेलही फाइलमध्ये जागा अडवून असते, ती फोल्डर 'कॉम्पॅक्ट' केल्यावरच मोकळी होते. आधी बॅकअप घ्या. जुनी मेल वर्षवार फोल्डरांत हलवलीत तर इनबॉक्सची फाइल लहान राहते.