भुताच्या गोष्टीला ‘रोमहर्षक’ म्हणावं का?

कोपरखैरण्याहून विचारणा आली आहे: पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांसाठीच्या एका हॉरर कादंबरीच्या मलपृष्ठावर ‘रोमहर्षक’ छापलंय. हर्ष म्हणजे आनंद, मग भुताला तो कसा? ‘भयानक’ नको होतं का? आणि ‘यंग अ‍ॅडल्ट’ला मराठीत काय म्हणतात?

मलपृष्ठ बरोबर आहे. शेवटच्या षटकातल्या विजयाला ‘रोमहर्षक’ इतका जुंपलाय की त्या शब्दाला दुसरं कामही असतं, हे लोक विसरलेत. हृष् धातूचा अर्थ आधी ताठ होणे, उभे राहणे; आनंदणे नंतरचं. रोमहर्ष म्हणजे अंगावरचे केस उभे राहणे. समोर आपलेच आप्त पाहून अर्जुन म्हणतो, ‘वेपथुश्च शरीरे मे रोमहर्षश्च जायते’ (गीता १.२९). कसला आलाय तिथे आनंद!

खरी गंमत पुढे आहे. इंग्रजी हॉरर आलाय लॅटिन ‘हॉरेरे’वरून. त्याचाही अर्थ केस ताठ होणे. हॉरेरे आणि हृष् एकाच इंडो-युरोपीय धातूचे वंशज, म्हणजे हॉरर आणि हर्ष चुलतभाऊ! ‘हर्ष आहे म्हणून चूक’ असं म्हणत लाल शाई चालवणाऱ्या शुद्धलेखनाच्या फौजदारांनी गीता ११.४५ उघडावी. विश्वरूप पाहून अर्जुन ‘हृषितोऽस्मि’ म्हणतो आणि लगेच ‘भयेन च प्रव्यथितं मनो मे’. पांघरूण नाकापर्यंत ओढून पुढचं पान उलटणाऱ्या पोराचं याहून वेगळं काय होतं? शरीरही भेद करत नाही. केसाच्या मुळाशी असलेला इवलासा स्नायू थंडीत आखडतो, भीतीने आखडतो, तसाच एखाद्या सुरानेही. म्हणून ‘भयकथा’ रुळली असली तरी मला ती अर्धवट वाटते, ‘रोमहर्षकथा’ म्हणा.

‘भयानक’ हा भरताच्या आठ रसांपैकी एक. विकृत आवाज, घुबडं-कोल्हे, ओसाड घर, अरण्य ही त्याची सामग्री नाट्यशास्त्रात दिलेली आहे. येऊरच्या वाटेवरचा बंद बंगला रंगवायला तेवढी पुरते. पण ‘भयानक भारी’, ‘भयानक गोड’ म्हणून म्हणून आपण त्याची धार घालवली.

जाता जाता: ‘गूजबम्प्स आले’ कशाला? शहारा सर्रकन येऊन जातो, काटा राहतो. दार आपोआप लागलं, तर शहारा. दारामागून कुणी आपलंच नाव घेतलं, तर काटा. आणि ‘भितीदायक’ नव्हे, ‘भीतिदायक’. एकटी असते तेव्हा भीती. समासात शिरली की ‘ति’ ऱ्हस्व, ‘भी’ मात्र दीर्घच.

हां, यंग अ‍ॅडल्ट. किशोर म्हणा, कुमार म्हणा. ‘तरुण प्रौढ’ तेवढं नको. ते वाचूनच काटा येतो.